ब्रेक ऑइल : नावाने तेल, पण तेल नव्हे

पाऊस लागला की अमरावती, अकोला, मूर्तिजापूरकडच्या गाड्या चिखलदऱ्याकडे वळतात. ईदच्या सुट्टीतही तेच. पुढे अब्बू, मागे अम्मी, खाला आणि मुले, डिकीत बिर्याणीचे पातेले. निघण्यापूर्वी टायरची हवा पाहिली जाते, डिझेल भरले जाते. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे मात्र फार थोड्या घरांत विचारले जाते. गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर त्याचे उत्तर कोणाकडेच नसते.

यात थोडा दोष नावाचाही आहे. गॅरेजमध्ये सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, म्हणून आपण ते तेल समजतो. तेल काही नासत नाही, कमी झाले की ओतायचे, एवढाच हिशोब. वास्तविक आपल्या नेहमीच्या गाड्यांतला हा द्रव ग्लायकॉल जातीचा असतो आणि तो हवेतला ओलावा शोषून घेतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना, तसेच काहीसे. झाकण घट्ट असले तरी रबरी नळ्यांतून, झाकणाच्या बारीक छिद्रातून ओलावा हळूहळू आत जातोच.

गेला तर बिघडले काय? शाळेत शिकलेला पास्कलचा नियम आठवा. बंद नळीतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. द्रव आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर चारही चाकांपर्यंत जातो. वाफ मात्र आक्रसते. डॉट-३ प्रकारचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. मग पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो आणि पेडल तळाला टेकते.

आपल्याकडे हा दोष लपून राहतो, कारण वऱ्हाडचे रस्ते सपाट. अमरावती-अकोला महामार्गाचेच पाहा. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला तो हाच रस्ता. त्यावर ब्रेकला काम किती पडते? परीक्षा होते ती मेळघाटात. परतवाडा ते चिखलदरा सुमारे सातशे मीटरची चढण आहे. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा सुमारे तीस लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही इंजिनात जाते, काही हवेत. उतरताना पाय ब्रेकवरच ठेवला तर उरलेली बहुतेक चाकांपाशी उष्णता होऊन साठते.

त्यात आणखी एक फसवणूक आहे. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्ववत कडक लागते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री पाहतो तर दोष काहीच नाही!

बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी किंवा चाळीस हजार किलोमीटरनंतर, जे आधी होईल तेव्हा, हा द्रव बदलायला सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत नेमके पाहावे. गाडी फक्त रविवारी निघते, ही सबब चालत नाही. ओलावा किलोमीटर मोजत नाही. नवा द्रव फिकट पिवळसर असतो, काळपट झाला तर समजावे, पण रंग चांगला म्हणजे द्रव चांगला असे नाही. काही गॅरेजमध्ये पेनासारखे ओलावा मोजण्याचे साधन असते. ते तीन टक्के दाखवत असेल तर थांबू नये.

मिस्त्री अनेकदा म्हणतो, “लेवल तो बराबर है सर, बदलके क्या करना?” त्याला दोष देणार नाही. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या आपल्या पोरांचा हात चांगलाच असतो; गिऱ्हाईकच पैसे वाचवायला पाहते. पण लेवल आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट लेवल हळूहळू उतरत असेल तर ब्रेक पॅड झिजले असतील. झपाट्याने उतरत असेल तर गळती आहे, गाडी हलवू नये.

बदलताना समोर उभे राहा. टाकीच्या झाकणावर डॉटचा जो आकडा लिहिला असेल तोच द्रव, आणि सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडलेली. फळीवरची अर्धी उरलेली बाटली नको, तिने ओलावा आधीच प्यालेला असतो. डॉट-५ सिलिकॉनचा असतो, तो यात मिसळायचा नाही. नुसता टाकीतला द्रव ओढून नवा ओतणे म्हणजे बदलणे नव्हे. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल उघडायचा, पेडल सोडण्यापूर्वी बंद करायचा. स्वच्छ, बुडबुड्याविना नवा द्रव येईपर्यंत असे चारही चाकांना करायचे. मधे टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते. एबीएस असलेल्या काही गाड्यांना कॉम्प्युटर जोडावा लागतो. द्रव रंगावर सांडला तर लगेच पाण्याने धुवा. तो रंग खातो. विषारीही आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका. कोणी चुकून इंजिन ऑइल ओतले असेल तर गाडी चालवूच नका, आतले रबर फुगते. एवढ्या कामाला लागणारा द्रव त्या पातेल्यातल्या मटणापेक्षा स्वस्त पडतो.

नवा द्रव असला तरी घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, न्यूट्रलमध्ये कधीच नाही. पेडल खाली जाऊ लागले तर भराभर पंप करा, गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, तासभर थांबा.

काम झाले की मिस्त्रीकडून तारीख आणि किलोमीटर लिहून घेऊन चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवा. उद्या गाडी विकली तर ती चिठ्ठी गाडीबरोबर जाईल.