एका रेषेच्या भरवशावर

पालोमार पर्वतावरची २०० इंची हेल दुर्बीण १९४९ साली सुरू झाली. त्यानंतर दहा वर्षे झाली, तरी ताम्रसृती (दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या प्रकाशलहरी लांबण्याचे प्रमाण) मोजता आलेली सर्वांत दूरची दीर्घिका वासुकी मंडलातल्या एका गुच्छातलीच होती. मिल्टन ह्युमसन यांनी मोजलेला तो आकडा होता ०.२. आरसा प्रचंड होता, पण तो रोखायचा कुठे हेच ठाऊक नव्हते. त्यातून दूरच्या गुच्छांत सर्वांत तेजस्वी असतात त्या लंबवर्तुळाकार दीर्घिका. त्यांत जुन्या, तांबूस ताऱ्यांचाच भरणा आणि वायू नावापुरता. त्यामुळे वर्णपटात ठळक रेषा नाहीत. ज्या काळ्या रेषा असतात, त्या रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडात बुडून जातात.

पत्ता दिला तो रेडिओवाल्यांनी. केंब्रिजच्या तिसऱ्या यादीत (१९५९) ४७१ रेडिओस्रोत होते. त्यांतला २९५ क्रमांकाचा, म्हणजे ३सी २९५, भूतप मंडलात आहे. सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीचीपासून जेमतेम पाच अंशांवर. रेडिओलहरींत तो जोरकस, पण आकाराने अगदी चिमुकला. खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी तर्क लढवला: हा हंस मंडलातल्या ‘सिग्नस ए’ या रेडिओ-दीर्घिकेचाच भाऊबंद असेल, तर तो इतका लहान दिसतो याचा अर्थ तो फार दूर असला पाहिजे.

मिंकोव्स्कींचे घराणेही दांडगे. स्वादुपिंड आणि मधुमेहाचा संबंध दाखवणारे ऑस्कर हे वडील, आइनस्टाइनला गणित शिकवणारे हेर्मान हे काका. ज्यू वंशामुळे १९३५ साली हॅम्बुर्ग सोडून ते अमेरिकेत आले. १९६० मध्ये निवृत्तीच्या उंबरठ्यावर, पालोमारवरच्या आपल्या अखेरच्या निरीक्षणांत त्यांनी दुर्बीण या स्रोताकडे वळवली. तिथे एक फिकट गुच्छ होता आणि त्यात सुमारे एकविसाव्या प्रतीची एक दीर्घिका. वर्णपटात ५४५० अँगस्ट्रॉमच्या आसपास एकच तेजस्वी रेषा उमटली. ती आयनीभूत ऑक्सिजनची, मूळची ३७२७ची, असे त्यांनी ओळखले. ताम्रसृती निघाली ०.४६, आधीच्या विक्रमाच्या दुपटीहून अधिक.

एका रेषेवर एवढा डोलारा? शंका रास्त होती. पण त्याच सुमारास विल्यम बॉम यांनी वर्णपट न घेता, याच गुच्छातल्या दीर्घिकांचा प्रकाश नऊ रंगपट्ट्यांत मोजून ०.४४ हा आकडा काढला. माझ्या मते या कथेतला सर्वांत दुर्लक्षित माणूस तोच. आज कोट्यवधी दीर्घिकांची अंतरे ज्या रीतीने अंदाजतात, तिचे मूळ बॉम यांच्या या कामात आहे.

गंमत अशी की, सामान्य लंबवर्तुळाकार दीर्घिकेत ती रेषा इतकी ठळक दिसलीच नसती. ३सी २९५च्या केंद्रात धुमसणाऱ्या कृष्णविवरामुळे भोवतालचा वायू उजळला आहे, हे उत्तर पुढे मिळाले. मिंकोव्स्कींच्या काळी अशा स्रोतांचे कारण म्हणून दीर्घिकांच्या टकरीकडे बोट दाखवले जाई. त्यांच्या छायाचित्रणाच्या काचेवर उमटलेला प्रकाश आपला सूर्य जन्मला त्या सुमारास निघालेला होता. १९६४ मध्ये ३सी १४७ या क्वेसारने ०.५४५ गाठून पुढे मजल मारली. दीर्घिकांमधला विक्रम मात्र १९७५ पर्यंत ३सी २९५च्याच नावावर होता.