गल्ल्यावरचे जाणकार

न्यूयॉर्कच्या 42व्या रस्त्यावर, ग्रँड सेंट्रल स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, गेबलर कुटुंबाचं रेडिओचं दुकान होतं. शेजारी कमोडोर हॉटेल, म्हणून दुकानाचं नाव कमोडोर. घरातला तरुण मुलगा मिल्ट याने दारावर कर्णा टांगून रेडिओ वाजवायला सुरुवात केली. जाणारे-येणारे थबकायचे आणि आत येऊन विचारायचे, हे रेकॉर्डवर मिळेल का? रेकॉर्डी नव्हत्याच. मिल्टने वडिलांच्या मागे लागून त्या ठेवायला लावल्या आणि काही वर्षांतच रेडिओ मागे पडून 'कमोडोर म्युझिक शॉप' ही जॅझवाल्यांची पंढरी झाली.

पुढे मंदी आली. जॅझच्या कितीतरी रेकॉर्डी कंपन्यांच्या यादीतून गळाल्या, गिऱ्हाईक मात्र त्याच मागत राहिलं. तेव्हा गेबलरने कंपन्यांकडून जुन्या ध्वनिमुद्रणांच्या थोड्या थोड्या प्रती स्वतःसाठी काढून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या लेबलांवर त्याने वादकांची नावंही छापली. ट्रम्पेट कोणाचं, पियानोवर कोण, ड्रम कोणी वाजवले, सगळं. त्याआधी लेबलावर बहुधा फक्त बँडप्रमुखाचं नाव असायचं, आणि तिसऱ्या कडव्यातलं सॅक्सोफोन कोणाचं यावर शौकिनांचे कानावर हवाला ठेवून वाद चालायचे. जॅझमध्ये तोच तर सगळा मामला आहे. धून तीच, पण वाजवणारा बदलला की चीज बदलली. हे मोठ्या कंपन्यांच्या साहेबांना उमगलं नव्हतं. गल्ल्यावर बसलेल्या पोराला उमगलं, कारण दिवसभर हाच प्रश्न त्याच्यासमोर येत होता.

जानेवारी 1938 मध्ये गेबलरने थेट स्वतःचं लेबल काढलं. पुढच्याच वर्षी बिली हॉलिडेला 'स्ट्रेंज फ्रूट' गायचं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारलं जाई, त्यावरचं ते गाणं. तिची कंपनी कोलंबिया, पण कंपनीने अंग काढून घेतलं. एप्रिल 1939 मध्ये ते गाणं मुद्रित झालं आणि बाजारात आलं ते कमोडोरच्या लेबलावर. विसाव्या शतकातल्या सर्वात गाजलेल्या गाण्यांपैकी एक एका रेकॉर्डवाल्याने काढलं!

त्याच वर्षी जर्मनीतून आलेल्या आल्फ्रेड लायनने 'ब्लू नोट' सुरू केली. पहिल्या रेकॉर्डी अगदी थोड्या प्रतींत निघाल्या. लवकरच बालमित्र फ्रान्सिस वुल्फ त्याला येऊन मिळाला. युद्धात लायन फौजेत गेला तेव्हा वुल्फला गेबलरने आपल्याच दुकानात नोकरी दिली, आणि ब्लू नोटचा कारभार कमोडोरच्या आडोशाने तगून राहिला. ज्या ब्लू नोटच्या जुन्या प्रतींसाठी आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात, ती जगली एका दुकानाच्या आधाराने. पुढे अशी दुकानं मोडत गेली, तेव्हा ऱ्हास झाला तो नुसत्या रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानांचा नव्हे. जॅझचा इतिहास टिपण्याचं आणि बरंचसं जॅझ घडवण्याचं काम ज्या ठिकाणी चालायचं, ती ठिकाणं गेली.

लंडनमध्ये 77, चेअरिंग क्रॉस रोडवर डग डोबेलने वडिलांच्या पुस्तकांच्या दुकानात 1946 साली जॅझ ठेवायला सुरुवात केली. पुढे त्याचंही लेबल निघालं, नाव अर्थातच '77'. जानेवारी 1963 मध्ये या दुकानाच्या तळघरात बॉब डिलन नावाच्या, तेव्हा फारसं कोणी ओळखत नसलेल्या पोराने मित्रांच्या रेकॉर्डसाठी माउथ ऑर्गन वाजवला, टोपणनावाने. शिकागोत बॉब केस्टरचं डेलमार्क लेबल आणि जॅझ रेकॉर्ड मार्ट हे दुकान ही एकाच माणसाची दोन अंगं. 1966 साली रॉस्को मिचेलचं 'साउंड' त्याने काढलं, तेव्हा असलं अवघड संगीत छापायला कोणी धजत नव्हतं. त्याच्याकडे माल बांधून पाठवण्याचं काम करणाऱ्या ब्रूस इग्लॉअरने 1971 मध्ये स्वतःचं ॲलिगेटर लेबल काढलं. दुकान होतं की गुरुकुल, असा प्रश्न पडावा.

संग्राहक नक्की काय बघतो, हेही सांगायला हवं. पन्नाशीच्या दशकातली ब्लू नोटची तबकडी हातात घ्या. मुखपृष्ठ बहुधा रीड माइल्सच्या रचनेचं, फोटो वुल्फचा. सराईत माणूस त्याकडे नजर टाकतो न टाकतो तोच रेकॉर्ड बाहेर काढून दिव्याखाली तिरकी धरतो. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये एक गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर त्याची नजर. तिथे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' ही आद्याक्षरं कोरलेली असतील तर साचा त्याच्या हातचा. शेजारी इंग्रजी पी अक्षराची वळणदार खूण, तिला संग्राहक 'कान' म्हणतात कारण ती दिसते तशीच. न्यू जर्सीच्या प्लॅस्टिलाइट कारखान्यात ती रेकॉर्ड दाबली गेली, याची ही निशाणी. लेबलावरचा पत्ताही वाचायचा, 'लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू' म्हणजे जुनी, '47 वेस्ट 63' म्हणजे 1957 नंतरची.

इतकं कशाला, असं वाटेल. पण लेबल फसवू शकतं. साठीच्या दशकाच्या मध्यावर लायनने कंपनी लिबर्टीला विकली. नव्या मालकांनी शिल्लक राहिलेली जुनी लेबलं वाया न घालवता नव्या कारखान्यातल्या प्रतींवर चिकटवली. लेबल जुनं, माल नवा. तिथे कान नसतो. ही असली माहिती एकेकाळी छापील कुठे नव्हती. ती गल्ल्यापलीकडून मिळायची, तीही दुकानदाराला तुम्ही बरे वाटलात तर.

मूळ प्रतीच्या या वेडाची एक गंमत म्हणजे माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. 1959च्या त्या एलपीची पहिली बाजू ध्वनिमुद्रणयंत्राच्या वेगातल्या फरकामुळे किंचित चढ्या स्वरात वाजते. नव्वदीच्या दशकात ती चूक सुधारली गेली. तरी मागणी चुकीच्या प्रतीलाच. संगीत ऐकायचं की वस्तू जमवायची, हा संग्राहकांमधला जुना तंटा आहे. माझा कल ऐकणाऱ्यांकडे, पण वस्तू जमवणाऱ्यांनी जपलं म्हणून ऐकणाऱ्यांना मिळालं, हे मान्य करावंच लागतं.

त्याआधीच्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डींचा आपल्याशी अगदी सरळ संबंध आहे. त्या लाखेच्या, आणि लाख जायची मुख्यतः भारतातून, छोटा नागपूरच्या जंगलांतून. युद्धात पुरवठा तुटला तेव्हा, एप्रिल 1942 मध्ये, अमेरिकन सरकारने रेकॉर्डींसाठीच्या लाखेत सत्तर टक्के कपात केली आणि जुन्या रेकॉर्डी गोळा करून नव्यांत मिसळल्या जाऊ लागल्या. त्या लगद्यात काय काय गेलं असेल! इकडे कलकत्त्यात मात्र अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफर्ड त्याच काळात ध्वनिमुद्रणं करत होता. मुंबईच्या ताजमध्ये त्याने आणि गोव्याच्या हळदोण्याहून आलेल्या चिक चॉकलेटने गाजवलेल्या रात्रींची हकीकत नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट'मध्ये लिहिली आहे. आपल्याकडे फक्त जॅझच्या रेकॉर्डी विकून पोट भरेल एवढं गिऱ्हाईक मात्र कधी जमलं नाही.

तिकडची दुकानं मोडली ती कशाने? सर्रास सीडीला दोष दिला जातो. मला ते पटत नाही. ऐंशीच्या दशकात सीडी आली तेव्हा लोकांनी एलपी कवडीमोलाने काढून टाकल्या आणि जुना माल घेणाऱ्या दुकानांची चांदीच झाली. खरा घाव दोन बाजूंनी बसला. पहिला भाड्याचा. डोबेलची इमारत पाडायची ठरली, दुकान 1980च्या सुमारास गल्लीत गेलं, 1987 मध्ये डग वारला, 1992 मध्ये शटर पडलं. लंडनच्याच रेज जॅझने 2002 मध्ये फॉइल्स या पुस्तकांच्या दुकानात बिऱ्हाड हलवलं. शिकागोचं जॅझ रेकॉर्ड मार्ट फेब्रुवारी 2016 मध्ये भाड्यापायी बंद झालं. योगायोग असा, की आपल्या काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊसही त्याच महिन्यात मिटलं.

दुसरा घाव जास्त खोल. दुकानदाराचा नफा त्याच्या माहितीत होता. म्हाताऱ्या शौकिनाच्या पश्चात घरच्यांनी आणलेल्या खोक्यांत कुठली रेकॉर्ड दहाची आणि कुठली हजाराची, हे त्याला कळायचं. 1995 मध्ये ईबे आणि 2000 मध्ये डिस्कॉग्ज या वेबसाइट सुरू झाल्यावर प्रत्येक रेकॉर्डचा भाव आणि कान-पत्त्याचा तपशील कोणालाही फुकट दिसू लागला. विकणाऱ्या वारसांचं भलंच झालं म्हणा. काही दुकानदार अडाणी माणसाला बिनदिक्कत नागवायचे. पण त्याच नफ्यावर नवख्या पोराला उगाच वाजवून दाखवलेली रेकॉर्ड आणि तोट्यात काढलेलं लेबल चालायचं.

गंमत अशी, की रेकॉर्ड स्वतः मात्र मेलेली नाही. 2022 मध्ये अमेरिकेत व्हायनल अल्बम 4 कोटी 10 लाख खपले, सीडी 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर पहिल्यांदाच व्हायनल वरचढ ठरलं. ब्लू नोटही मूळ टेपवरून जाडजूड नव्या प्रती काढते आणि त्या कानाला उत्तम लागतात. पण हा खप जॅझच्या दुकानांना लाभला नाही, वाटला गेला तो घरपोच पार्सलांत आणि सगळंच थोडंथोडं ठेवणाऱ्या दुकानांत.

जपानचं गणित वेगळं. तिथे डिस्क युनियनची फक्त जॅझला वाहिलेली दुकानं अजून चालतात. प्रत्येक जुन्या प्रतीवर ओरखडा कुठे, मुखपृष्ठ कुठे फाटलंय, याची चिठ्ठी चिकटवलेली. अमेरिकेतून वेचून नेलेल्या मूळ प्रतींचे ढीग तिकडे आहेत. त्यामागे 'जॅझ किस्सा' म्हणजे जॅझ कॅफेंची जुनी सवय आहे, कॉफीच्या पेल्यासमोर गप्प बसून मालकाने लावलेली रेकॉर्ड पुरी ऐकायची. हारुकी मुराकामीनेही लेखक होण्याआधी तोक्योत असाच एक जॅझ कॅफे चालवला. एकट्याने जमवणाऱ्यांच्या आधी तिथे एकत्र ऐकणारे तयार झाले, म्हणून दुकानाला गिऱ्हाईक उरलं असावं.

केस्टरने मोठं दुकान मोडलं त्याच वर्षी, ऐंशी ओलांडलेली असताना, शिकागोतच एक छोटं दुकान पुन्हा थाटलं. माल बराचसा त्याच्या स्वतःच्या संग्रहातला होता.