जुना टी-शर्ट काय सांगतो?



टी-शर्ट हा कपडा आता सगळेच घालतात. शेतात जाणारे घालतात, कॉलेजात जाणारे घालतात आणि आमच्यासारखी मुलं तर रोजच घालतात. बटणं नाहीत, इस्त्री नाही, डोक्यातून घातला की झालं. जमिनीवर पसरून ठेवला तर तो इंग्रजी टी या अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला टी-शर्ट म्हणतात. पण चांगला कोणता आणि वाईट कोणता हे दुकानात कळत नाही. दुकानात सगळेच नवे आणि सगळेच छान दिसतात. माझी आजी म्हणते, "नव्या कापडाला काय विचारतो? जुन्याला विचार." म्हणून मी दोन जुन्या टी-शर्टांना विचारलं. त्यांनी काय सांगितलं ते या लेखात लिहिले आहे.

माझे दोन टी-शर्ट

मी तिसरीत असताना दिवाळीला मला दोन टी-शर्ट मिळाले. निळा बाबांनी आठवडे बाजारातून ११० रुपयांना आणला. पिवळा मामाने दिला, तो १८० रुपयांचा होता. दोन्हींच्या पट्टीवर शंभर टक्के सुती असे छापलेले होते. दोन्ही मी आठवड्यातून दोनदा घालत होतो. दोन्ही एकाच साबणाने, एकाच दगडावर धुतले जात होते. म्हणून त्यांची बरोबरी करता येते. एक रोज घातला आणि एक पेटीत ठेवला, तर बरोबरी करून उपयोग नाही.

तिसरीत मोजमापाचा धडा होता तेव्हा बाईंनी घरातल्या वस्तू मोजून आणायला सांगितल्या होत्या. मी हे दोन टी-शर्ट मोजले होते. ती वही माझ्याकडे अजून आहे. निळा आता आजीच्या वाकळीच्या गाठोड्यात गेला आहे. तो मी काढला आणि दोन्ही परत मोजले.

टी-शर्टचे कापड कसे असते?

आधी हे समजले पाहिजे. आपल्या शाळेच्या शर्टाचे कापड मागावर होते. त्यात उभे धागे आणि आडवे धागे असतात, त्यांना ताणा आणि बाणा म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात इचलकरंजीला असे पुष्कळ यंत्रमाग आहेत. टी-शर्टचे कापड तसे नसते. ते स्वेटरसारखे असते. एकाच धाग्याचे बारीक बारीक फासे एकमेकांत अडकवलेले असतात. म्हणून ते ताणले जाते आणि सोडले की परत येते. तमिळनाडूत तिरुपूर नावाचे गाव या कापडासाठी प्रसिद्ध आहे.

धागा मात्र कापसाचाच. कापूस म्हणजे सरकीच्या अंगावरचे केस. आपल्याकडचा पुष्कळसा कापूस २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो, म्हणजे पट्टीवर साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. लांब तंतूचा धागा मजबूत होतो. आखूड तंतूचा धागा लवकर पिंजतो. चांगल्या धाग्यासाठी गिरणीत कापूस विंचरतात आणि आखूड तंतू काढून टाकतात. आई माझ्या बहिणीचे केस विंचरते तसेच. मुंबईला माटुंग्यात कापसाची तपासणी करणारी एक सरकारी संस्था आहे. ती १९२४ सालापासून आहे. तिथे कापसाच्या तंतूची लांबी आणि ताकद मोजतात.

आता एकेक खूण बघू.

१. लांबी-रुंदी

दोन्ही टी-शर्ट नवे असताना लांबीला ५२ सेंटिमीटर आणि रुंदीला ३८ सेंटिमीटर होते. आता निळा लांबीला ४८ आणि रुंदीला ४० भरला. पिवळा लांबीला ५० आणि रुंदीला ३९ भरला. म्हणजे निळा आखूड झाला आणि फुगला. हात वर केला की पोट उघडं पडायचं. असे होण्याचे कारण म्हणजे कारखान्यात कापड ओढून ताणून ठेवलेले असते. पाण्यात घातले की फासे सैल होऊन आपल्या मूळ जागी येतात. चांगल्या कारखान्यात कापड शिवण्याआधीच आटवून घेतात. मग घरी आल्यावर ते थोडेच आटते.

२. गळा

गळ्याची पट्टी ही पहिली खूण. निळ्याचा गळा लोंबतो आणि झालरीसारखा दिसतो. पिवळ्याचा गळा अजून बसका आहे. चांगल्या गळ्याची पट्टी उभ्या रेघांची आणि जाड असते, आणि आतून खांद्यापासून खांद्यापर्यंत एक फीत शिवलेली असते. निळ्याला ती फीत नव्हती. आपण पोरं टी-शर्ट काढताना गळ्याला धरूनच ओढतो, त्यामुळे तिथे ताण पडतो.

३. बाजूची शिवण

टी-शर्ट घालून सरळ उभे राहा. काखेपासून खाली येणारी शिवण कमरेच्या बाजूला पाहिजे. निळ्याची शिवण पोटावर आली आहे. धागा बनवताना त्याला पीळ देतात. धुतल्यावर तो पीळ सुटायला बघतो आणि सगळे कापड तिरके होते. सुताची दोरी जास्त पिळली की ती आपोआप वळते ना, तसेच. घडी घालताना कडा जुळत नाहीत तेव्हा समजावे की कापड फिरले.

४. गोळे

दप्तराचे पट्टे जिथे घासतात तिथे खांद्यावर आणि पाठीवर बारीक गोळे येतात. आखूड तंतू बाहेर येतात आणि गुंततात, तेच गोळे. सुती कापडावरचे गोळे काही दिवसांनी गळतात. पण कापसात पॉलिएस्टर मिसळले असेल तर त्याचे तंतू चिवट असतात, ते गोळ्यांना सोडत नाहीत.

५. जाडी

खिडकीसमोर धरून बघावे. निळ्यातून मला बाहेरचे आंब्याचे झाड दिसले. पिवळ्यातून नुसता उजेड दिसला. मग मी दोन्ही किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले. निळा ६० ग्रॅम आणि पिवळा ८० ग्रॅम भरला.

शहरातले दुकानदार जीएसएम असा शब्द वापरतात. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम. हे आपल्यालाही काढता येते. आजीला विचारून मी निळ्याचा १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद तुकडा कापला. एक चौरस मीटरमध्ये असे १०० तुकडे बसतात. किराणा काट्याला एवढा हलका तुकडा कळत नाही, म्हणून बाबांबरोबर सोनारकाकांकडे गेलो. ते आधी खूप हसले. पण त्यांनी तुकडा काट्यावर ठेवला. १.३ ग्रॅम भरला. त्याला शंभरने गुणले तर १३० ग्रॅम. पिवळा मी अजून घालतो, म्हणून त्याचा तुकडा कापला नाही.

पण नुसते वजन बघून चालत नाही. जाड कापडात आखूड तंतू असले तर तेही पिंजते.

६. रंग आणि छाप

निळ्याच्या छातीवर वाघाचा छाप होता. तीन महिन्यांत वाघाला तडे गेले. आमच्या वर्गातली मुलं म्हणायची, कापड कमी आणि वाघ जास्त. पिवळ्यावर छाप नाही. रंग दोन्हींचा उतरला, पण निळ्याचा जास्त. उन्हाने रंग उडतो, म्हणून उलटा करून वाळत घालावा.

सुती आहे की नाही?

बाईंनी वर्गात हे करून दाखवले. मुलांनी एकट्याने करू नये. पिवळ्याचा एक धागा चिमट्यात धरून जाळला. तो कागदासारखा जळला आणि मऊ राख झाली. दादाच्या खेळाच्या चकचकीत टी-शर्टचा धागा जाळला तर तो वितळला आणि काळा कडक मणी झाला. ते पॉलिएस्टर. ते १९४१ साली इंग्लंडमध्ये शोधले गेले. ते खनिज तेलापासून करतात.

निळ्याचा धागाही कागदासारखाच जळला. म्हणजे पट्टीवर लिहिलेले खरे होते. दोन्ही सुतीच, तरी एक टिकला आणि एक टिकला नाही. म्हणून नुसती पट्टी वाचून भागत नाही.

आपल्या भागातली गोष्ट

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस फार. घाटघरला तर आपल्या जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. आमचे गाव राजूरच्या पुढे आहे. भाताच्या आवणीच्या दिवसांत चार चार दिवस ऊन पडत नाही. जाड सुती टी-शर्ट वाळतच नाही. मग तो चुलीवरच्या दोरीवर टाकतात आणि त्याला धुराचा वास येतो. ओला राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात. माझ्या पिवळ्यावर असे दोन ठिपके आहेत, ते जात नाहीत. त्या दिवसांत मिश्र धाग्याचा पातळ टी-शर्ट लवकर वाळतो, म्हणून आवणीला तो बरा. पण उन्हाळ्यात तो घाम टिपत नाही. म्हणून चांगला टी-शर्ट म्हणजे कशासाठी चांगला, हेही बघावे.

हिशोब

निळा २५ आठवडे टिकला. आठवड्यातून दोनदा म्हणजे ५० वेळा घातला. मग काखेत फाटला. ११० भागिले ५० म्हणजे एका वेळेला २ रुपये २० पैसे पडले.

पिवळ्याला आता ६० आठवडे झाले. म्हणजे १२० वेळा घातला. १८० भागिले १२० म्हणजे एका वेळेला १ रुपया ५० पैसे पडले. आणि तो अजून चालू आहे. पुढच्या वर्षी तो माझ्या धाकट्या भावाला होईल. तेव्हा हा आकडा आणखी कमी होईल.

म्हणजे बाजारात जो स्वस्त वाटला तो महाग पडला. पण हेही खरे की घेताना हातात ११० रुपयेच असले तर १८० चा घेता येत नाही. माझ्या घरी तसेच होते. म्हणून ११० मध्येसुद्धा जो बरा असेल तो ओळखता आला पाहिजे. पुढे लिहिलेल्या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

घेताना काय बघावे?

१) उजेडासमोर धरा. पलीकडचे दिसले तर ठेवून द्या.
२) गळा ताणून सोडा. लगेच परत आला पाहिजे.
३) उलटा करून शिवण बघा. टाके जवळजवळ आणि सारखे पाहिजेत. लोंबणारे धागे नकोत.
४) मधोमध घडी घाला. बाजूच्या शिवणी एकमेकींवर आल्या पाहिजेत.
५) ओला पांढरा रुमाल आतून घासा. रंग लागला तर तो रंग इतर कपड्यांनाही लागेल.
६) एक बोट मोठाच घ्या. सुती कापड आटतेच, आणि आपणही वाढतो.

शेवटची विनंती

२६ जानेवारीला आपल्या शाळेचे लेझीम पथक आहे. सगळ्यांना सारखे टी-शर्ट घ्यायचे ठरले आहे आणि पैसे पालक देणार आहेत. कोणाचे बाबा उसाच्या गाडीवर गेलेत, कोणाची आई मजुरीला जाते. ते पैसे एका दिवसाच्या लेझीमसाठी जाऊ नयेत. तो टी-शर्ट नंतर वर्षभर घालता आला पाहिजे आणि मग धाकट्या भावंडांना झाला पाहिजे.

म्हणून पालकसभेत माझी अशी विनंती आहे की आधी एकच टी-शर्ट नमुना म्हणून आणावा. तो शाळेत मोजावा, तीन वेळा धुवावा, वाळवावा आणि परत मोजावा. मोजायचे काम आम्ही चौथीची मुलं करू. आमच्याकडे पट्टी आहे आणि वहीसुद्धा आहे. नमुना पास झाला तरच बाकीचे आणावेत.

छाप मात्र घालू नये. शाळेचे नाव आम्ही लेझीम खेळून दाखवू.