तिरपा धुरा, सरळ हिशोब

पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं की मोजण्या निघतात. बोरी अरबच्या शिवारातली अशीच एक मोजणी मी जवळून पाहिली. दारव्हा तालुक्यातल्या या काळ्या मातीत हद्दीचे दगड खचतात, नांगराच्या फाळाने कलतात, आणि मग शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं बोलणं बंद होतं.

भूकरमापकाने तिवईवर टोटल स्टेशन मांडलं. मदतनीस प्रिझमची काठी घेऊन एकेका कोपऱ्यावर उभा राहू लागला. यंत्र अंतर आणि दिशा सांगतं. पण वेगवेगळ्या दिशांची अंतरं नुसती एकापुढे एक मिळवून कोपरा सापडत नाही. म्हणून प्रत्येक बाजूचे दोन भाग पाडायचे. उत्तरेशी होणाऱ्या कोनाच्या कोज्येने अंतराला गुणलं की उत्तरेकडचा भाग, ज्येने गुणलं की पूर्वेकडचा. दक्षिण आणि पश्चिम वजा धरायचे.

आकडे सोयीसाठी पूर्ण करून सांगतो. पहिली बाजू १०० मीटर : उत्तरेला ८०, पूर्वेला ६०. दुसरी १३० : दक्षिणेला ५०, पूर्वेला १२०. तिसरी १५० : दक्षिणेला १२०, पश्चिमेला ९०. उत्तर-दक्षिणेची बेरीज उणे ९०, पूर्व-पश्चिमेची अधिक ९०. म्हणजे निघालो तिथे परत यायला उत्तरेला ९० आणि पश्चिमेला ९० जायला हवं. पायथागोरसच्या नियमाने चौथी बाजू १२७.२८ मीटर. प्रत्यक्ष मोजणीत ती तेवढीच भरली, तर काम चोख. फार फरक पडला, तर कुठेतरी वाचन चुकलंय. त्याच आकड्यांतून क्षेत्रही निघतं : १ हेक्टर ५७.५ आर.

आज हे यंत्र करतं, पण रीत नवी नाही. शंकू-साखळीच्या मोजणीत मूळ रेषेवर ३३ फुटांची साखळी ओढत जात आणि शंकूच्या फटीतून काटकोन साधून बाजूचा कोपरा टिपत. मूळ रेषेवर किती आणि तिच्याशी काटकोनात किती, हेच दोन आकडे टिपणात चढत. साखळीला १६ आणे, आणि साखळीभर लांब-रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. साध्या दांड्यावर आणि लोखंडी कड्यांवर इतकं नेमकं काम उभं राहिलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

खरा प्रश्न मात्र दोन शेजाऱ्यांमधल्या धुऱ्याच्या, म्हणजे सामाईक बांधाच्या, टोकावरच्या दगडाचा होता. "पाच मीटर सरकवला जी यानं," असं एकाचं म्हणणं. मोजणीत दगड खरंच पाच मीटर सरकलेला निघाला. पण कोणत्या दिशेने? धुऱ्याच्या लांबीवर चार मीटर आणि धुऱ्याशी काटकोनात तीन. या दोघांपुरतं पाहिलं तर लांबीवरच्या चार मीटरनी कुणाचंच काही जात नाही. जमीन खातात ते आडवे तीन मीटर. धुरा १५० मीटरचा, दुसरं टोक जागेवरच, त्यामुळे जुन्या आणि नव्या रेषेमधला त्रिकोण १५० गुणिले ३ भागिले २, म्हणजे २२५ चौरस मीटर. जवळपास सव्वादोन गुंठे.

तक्रारदाराच्या मनात पाच मीटर रुंदीची अख्खी पट्टी होती, जवळपास साडेसात गुंठ्यांची. शेजारी तर काहीच गेलं नाही म्हणत होता. मापकाने कागदावर धुरा काढला, त्याला काटकोनात रेघ मारली आणि दोघांना तो त्रिकोण दाखवला. मग दोघंही त्या कागदावर वाकून, पेन एकमेकांच्या हातातून घेत, गुणाकार पुन्हा करून पाहू लागले.