एकफलकी संगणक व सुरक्षित परिसर-जाल

सूक्ष्मप्रक्रियक, स्मृती व जोडणीची द्वारे एकाच मुद्रित मंडल-फलकावर बसविलेल्या लहान संगणकास एकफलकी संगणक म्हणतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेला रास्पबेरी पाय हा त्याचा सर्वपरिचित नमुना होय. त्याचा मूळ फलक सुमारे ८५ मिमी. लांब व ५६ मिमी. रुंद आहे. २०१६ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात वाय-फाय ही बिनतारी सोय अंगभूत आली. तापमानाची अखंड नोंद घेणे, प्रयोगाचे नियंत्रण करणे अशा कामांसाठी विद्यापीठांत तो वापरतात. तेथील सुरक्षित बिनतारी जाळ्याशी त्याची जोडणी करणे मात्र घरच्यापेक्षा अवघड असते.

जाळ्याची रचना : घरगुती जाळ्यात सर्वांना एकच परवलीचा शब्द पुरतो. हजारो विद्यार्थ्यांच्या परिसरात असा शब्द गुप्त राहत नाही व एकाच व्यक्तीचा प्रवेश बंद करता येत नाही. म्हणून तेथे प्रत्येकाची ओळख स्वतंत्रपणे पटविली जाते. या पद्धतीचे ८०२.१एक्स हे मानक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत तीन घटक असतात : प्रवेश मागणारा संगणक, छतावर वा भिंतीवर बसविलेले बिनतारी प्रवेशयंत्र आणि संस्थेचा ओळख-तपासनीस संगणक (रेडियस सर्व्हर). प्रवेशयंत्र केवळ निरोप्याचे काम करते. निर्णय तपासनीस देतो. नेदरलँड्समध्ये उगम पावलेली एज्युरोम ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था याच तत्त्वावर चालते. भारतात ती अर्नेट इंडियामार्फत चालविली जाते. पाहुण्या संस्थेत गेलेल्या सभासदाची विनंती त्याच्या मूळ संस्थेकडे पाठविली जाते व तिच्या होकारानंतर त्याला प्रवेश मिळतो.

परस्पर ओळख : वापरकर्त्याने आपली ओळख पटवावयाची, तशी जाळ्यानेही पटवावयाची असते. पीईएपी या प्रचलित रीतीत तपासनीस प्रथम आपले प्रमाणपत्र दाखवितो. ते खरे ठरल्यावर दोघांमध्ये कूटबद्ध मार्ग तयार होतो आणि परवलीच्या शब्दाची परीक्षा त्या मार्गाच्या आत होते. त्यामुळे मधल्या यंत्रांना, पाहुण्या संस्थेलासुद्धा, ती दिसत नाही. परंतु प्रमाणपत्राची तपासणी करणे वा न करणे हे मागणाऱ्या संगणकावर अवलंबून असते. तपासणी वगळली तरी जोडणी सुरळीत होते. म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. अशा वेळी कोणीही त्याच नावाचे खोटे जाळे उभारून ही परीक्षा आपल्याकडे वळवू शकतो. तीत बहुधा वापरली जाणारी एमएस-चॅप (आवृत्ती २) ही रीत दुबळी आहे : ती भेदणे हे एका ५६ बिटी किल्लीच्या शोधाइतकेच काम आहे, हे २०१२ मध्ये दाखवून देण्यात आले.

जोडणी : स्मृतिपत्र (मेमरी कार्ड) तयार करताना सामान्यतः जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द एवढेच विचारले जाते. परिसर-जाळ्यासाठी यांशिवाय ओळख तपासण्याची रीत, सभासदनाम, प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकारसंस्थेचे मूळ प्रमाणपत्र आणि तपासनिसाचे अपेक्षित नाव ही माहिती द्यावी लागते. शेवटच्या दोन्ही बाबी आवश्यक आहेत. अधिकारसंस्था विश्वासार्ह असली, तरी ती इतरांनाही प्रमाणपत्रे देते. म्हणून नाव जुळविल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. रास्पबेरी पायच्या परिचालन प्रणालीत २०२३ पासून ही माहिती नेटवर्क मॅनेजर या आज्ञावलीत भरतात. त्यापूर्वीच्या सूचना नव्या आवृत्तीत जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

घड्याळ ही दुसरी अडचण होय. प्रमाणपत्र ठराविक मुदतीतच ग्राह्य असते. या संगणकाच्या बहुतेक आवृत्त्यांत वीज गेल्यावर वेळ राखणारे घड्याळ नाही. तो वेळ जाळ्यावरून घेतो. दीर्घकाळ बंद राहिलेला फलक जुनीच तारीख धरून सुरू होतो, नवे प्रमाणपत्र त्याला अद्याप लागू न झालेले वाटते व जोडणी नाकारली जाते. आणि जोडणीवाचून वेळ दुरुस्त होत नाही. घटास कवटाळणारे घड्याळ-मंडल जोडणे किंवा तारीख हाताने घालणे हा यावर उपाय आहे. तपासणीच बंद करणे हा उपाय नव्हे.

जोखीम व पर्याय : एकट्याने चालणाऱ्या फलकाला परवलीचा शब्द साठवूनच ठेवावा लागतो. तो सहज काढता येणाऱ्या स्मृतिपत्रावर असतो व बहुधा तोच शब्द सभासदाचे टपाल आणि गुणपत्रकही उघडतो. शब्दाऐवजी त्याचे गणिती रूप (हॅश) साठविता येते. त्यामुळे मूळ शब्द उघड्यावर राहत नाही. पण या रीतीत जाळ्यात शिरण्यास ते रूपच पुरते, म्हणून ते संरक्षण अर्धेच ठरते. व्यक्तीऐवजी उपकरणाला स्वतंत्र प्रमाणपत्र देणे अथवा उपकरणांसाठी वेगळे जाळे व प्रत्येकी वेगळी किल्ली ठेवणे हे अधिक योग्य होय. असा फलक हरवला, तर तेवढीच किल्ली रद्द करावी लागते. माणसाची ओळख अबाधित राहते.