वकिलाची ओसरी

सोलापुरांतील वकिलाच्या घरची सकाळ ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या धंद्याचें मर्म निराळें सांगावयास नको. ओसरीवर मंगळवेढ्याचा शेतकरी वाटणीचे कागद उलगडून बसलेला असतो. त्याच्या शेजारीं विणकरांच्या वस्तींतील एखादें तेलुगु कुटुंब, आणि अक्कलकोटकडून आलेला, कानडींतच मन मोकळें करूं शकणारा एखादा वृद्ध. अशा अशिलाशीं त्याच्या भाषेंत दोन शब्द बोलणारा वकील त्यास आपला वाटतो. वकिलाचें कायद्याचें ज्ञान किती, हें त्यास मागाहून कळतें.

परंतु एकत्र कुटुंबांत खरी कसोटी याच ठिकाणीं लागते. ओसरीवरचें बोलणें माजघरांत, आणि माजघरांतून शेजारीं जावयास वेळ लागत नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें अशिलाचें गुपित राखण्याचें बंधन वकिलावर, त्याच्या कारकुनावर व दुभाष्यावरहि घातलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंहि तें कायम ठेविलें आहे. चहा घेऊन येणाऱ्या सुनेचा उल्लेख मात्र त्यांत नाहीं. (आतां पुष्कळदां सूनच सनद घेतलेली असते, ही गोष्ट वेगळी.) ज्या घरांतील स्त्रियांनीं ऐकलेलें पोटांत ठेविलें, त्या घरच्या वकिलीचा निम्मा पाया त्यांनींच घातला असें आम्ही समजतों, त्याचें श्रेय त्यांस क्वचितच मिळतें.

विश्वासाचीं हीं नातीं मुलास वारशानें मिळतात काय? याच गांवच्या ललित घराण्याचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. रंगनाथ ललित यांनीं स्वातंत्र्यापूर्वीं येथें वकिली केली. त्यांचे चिरंजीव उमेश ललित हेहि वकील, व पुढें मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश झाले. आणीबाणीच्या काळांत राजद्रोहाच्या एका खटल्यांत त्यांनीं तरुण आरोपींस जामीन दिला. पुढें त्यांची नेमणूक कायम झाली नाहीं. हें पाहूनहि त्यांचे चिरंजीव उदय ललित याच धंद्यांत आले. १९८३ सालीं त्यांनीं सनद घेतली. घरचें नांव पाठीशीं असतांना ते प्रथम मुंबईस एम. ए. राणे यांच्या हाताखालीं राहिले. १९८६ मध्यें दिल्लीस गेल्यावर मयूर विहारांतील दोन खोल्यांत राहून १९९२ पर्यंत त्यांनीं सोली सोराबजी यांच्याकडे काम केलें. ज्येष्ठ वकिलाचा मान मिळाला तो २००४ सालीं, म्हणजे सनदेनंतर एकवीस वर्षांनीं. तरुण वकिलाची पहिल्या तीन वर्षांची कमाई मोजीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. वारशानें ओळख मिळते. शब्दाची पत मिळत नाहीं. न्यायाधीशासमोर नसलेला आधार पुढें करूं नये, विरुद्ध पक्षाच्या वकिलास दिलेला शब्द मोडूं नये, हें ज्येष्ठाच्या हाताखालीं वर्षानुवर्षें राहिल्यावरच अंगीं मुरतें.

जोडलेलीं नातीं कधीं कधीं आडवींहि येतात. २०१४ सालीं ललित वकिलींतून थेट सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले. १० जानेवारी २०१९ रोजीं अयोध्येच्या खटल्याची सुनावणी त्यांच्यासह पांच न्यायमूर्तींपुढें आली, तेव्हां राजीव धवन यांनीं निदर्शनास आणिलें कीं, १९९७ च्या सुमारास ललित हे याच विषयाशीं जोडलेल्या एका प्रकरणांत कल्याणसिंह यांचे वकील होते. त्यांनीं त्या पीठांतून अंग काढून घेतलें. सुमारें दोन तपांपूर्वींचें एक वकीलपत्र असें पुढें उभें राहिलें! २७ ऑगस्ट २०२२ रोजीं ते सरन्यायाधीश झाले, आणि तें पद त्यांच्याकडे चौऱ्याहत्तर दिवस होतें. शपथविधीस वृद्ध वडील उपस्थित होते.

मुलानें मोठें शहर गांठावें कीं आजोबांची ओसरी सांभाळावी, हा वाद सोलापूरच्या वकिलांच्या घरांत जुनाच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरास बसूं लागलें, आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेंत आला. ओसरीवर ज्याचें गाऱ्हाणें ऐकलें, त्याचेंच अपील आतां तरुण वकिलास कोल्हापुरास जाऊन चालवितां येतें. मंगळवेढ्याच्या त्या शेतकऱ्यासहि मुंबईस अनोळखी वकिलाच्या दारांत उभें राहावें लागत नाहीं.