खिडकीतली चप्पल

मराठी विभागासाठी लिही असं सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे आजीशी बोलण्यापुरतं. पण "खिडकीत काय ठेवलंयस गं?" असं विचारून विंगमधल्या सगळ्यांनी इतकं भंडावलंय की एकदाचं लिहूनच टाकते.

तर ते स्लिपर ऑर्किड आहे. फुलाच्या खालच्या पाकळीची पिशवी झालेली असते, अगदी चपलेच्या टोकासारखी. किडा आत घसरतो, आल्या वाटेने परत जाता येत नाही, आणि मागच्या अरुंद वाटेने निघताना पाठीला पराग चिकटतो. वन-वे व्हॉल्व्हच म्हणा ना! नाव पॅफिओपेडिलम, लाडाने पॅफ.

माझं पहिलं पॅफ मेलं. शिकवणीचे साठवलेले नऊशे रुपये घालून मी इनसिग्ने घेतलं, कारण ते सोपं असं ऐकलं होतं. सोपं आहे, पण मेघालयाच्या डोंगरात! लांब, साधी हिरवी पानं असलेल्या बऱ्याच जातींना कळी धरायला गार रात्री लागतात. आमच्या खोलीत ऑक्टोबरमध्येसुद्धा फॅन पाचवर. वर्षभर नुसती पानं आली. त्यात मी रोज रात्री वरून पाणी ओतून झाडाचा मधला भाग कुजवला. तो दोष मात्र माझाच.

म्हणून सांगते, पहिलं झाड ठिपकेदार, चट्टेरी पानांचं घ्या. ही मंडळी उबेत राहणारी. त्यातही मॉडी हे संकरित. कॅलोसम आणि लॉरेन्सिएनम यांच्यापासून केलेलं, १९०० साली नोंदलेलं, म्हणजे सव्वाशे वर्षं लोक ते खिडकीत वाढवतायत. साधारण १८ ते ३० अंशांत खूश असतं. फूल दीड-दोन महिने टिकतं, आणि फूल नसलं तरी पानं बघण्यासारखी.

घेताना एक फॅन (छताचा नव्हे, पानांचा पंखा!) असलेलं रोप घेऊ नका. एका फॅनला एकदाच फूल येतं, मग शेजारी नवा फुटायची वाट बघा. दोन-तीन फॅन हवेत. बुंधा हळूच हलवा. डगमगला तर मुळं नाहीत. किंमत जास्त वाटेल, कारण फॅलेनोप्सिससारखं टिश्यू कल्चरने याचं ढिगाने पीक काढता येत नाही. पण कुणी "जंगलातलं आहे, स्वस्तात देतो" म्हणालं तर सरळ उठून या. आपल्या वन्यजीव कायद्याने स्लिपर ऑर्किडना संरक्षण आहे, आणि उपटून आणलेली झाडं बहुधा जगतही नाहीत.

जागा पूर्वेच्या खिडकीची. उन्हाळ्यात मी काचेला ड्रॉइंगची ट्रेसिंग शीट लावते. (सबमिशन झालेली, सर!) या ऑर्किडला पाणी साठवणारा कंद नसतो, त्यामुळे सालीचे तुकडे पूर्ण सुकू द्यायचे नाहीत, पण बशीत पाणी साचलेलंही नको. पाणी सकाळीच, कडेने. बोअरच्या क्षारांनी टोकं करपतात. मी पावसाचं पाणी बिसलेरीच्या बाटल्यांत भरून कॉटखाली ठेवते, रूममेट रोज वैतागते.

दिवाळीच्या सुट्टीत झाड मेसच्या मावशींकडे होतं. परत आले तर नवा फॅन फुटलेला, आणि मावशी म्हणतात, "हे इथंच राहू दे की."